नजरेचा आवर

इंगवल्यांच्या घरी रविवारचा दुपारचा चहा झाला की टीव्हीचा आवाज बंद व्हायचा आणि रत्नमालाबाईंना कोचावर मधोमध बसवलं जायचं. टीव्हीच्या खाली बोटभर जाडीची एक काळी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यात बारीकसा तांबडा दिवा लागायचा आणि पडद्यावर एकेक चित्र यायला लागायचं. कधी नुसते ठिपके, कधी भाजी मंडईचा फोटो, कधी घरातल्याच कुणाचा तरी चेहरा. बघायचं, बस्स. बोलायचं नाही, बटण दाबायचं नाही, सुई टोचणं नाही की रक्त काढणं नाही. चहाचे कप विसळून होईपर्यंत काम आटोपलेलं असायचं.

"हिला मेलीला माझ्या डोळ्यांत एवढं काय सापडतंय गं?" रत्नमालाबाई दर वेळी विचारायच्या.

"तुम्ही नुसतं बघा हो आई," त्यांची सून तेजस्विनी म्हणायची. "हलू नका तेवढं."

"बघायला काय, बघते की."

लोकांनी तिचं नाव नजरपट्टी ठेवलं होतं. आरोग्यविम्याच्या एका कंपनीनं पासष्टी उलटलेल्या प्रत्येकाच्या घरी ती फुकट लावून दिली होती, त्यामुळं कराडात आता गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक टीव्हीखाली ती दिसायची. तिचं काम तसं साधं. माणसाचे डोळे कधी स्वस्थ नसतात. समोर चित्र आलं की बुबुळं एका जागी क्षणभर विसावतात, तिथून उडी मारून दुसरीकडे जातात, पुन्हा विसावतात. आपल्याला वाटतं आपण सगळं चित्र एकदम पाहिलं. प्रत्यक्षात डोळ्यांनी तेवढ्यात पाचपन्नास उड्या मारलेल्या असतात. पट्टी आपल्याला न दिसणारा प्रकाश बुबुळांवर टाकायची आणि परत येणाऱ्या चमकेवरून कुठली उडी कुठे पडली ते टिपून घ्यायची. मेंदू झिजायला लागला की माणूस नावं विसरण्याच्या कितीतरी आधी या उड्या बिघडतात. ओळखीच्या चेहऱ्यावर नजर जेवढी रेंगाळायला हवी तेवढी रेंगाळत नाही, ठिपका हलला तरी डोळे मागं राहतात. पट्टी हे सगळं जुळवून शेवटी एक शेरा द्यायची. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे डॉक्टरकडे जा, तांबडा म्हणजे आजच जा.

दोन वर्षांपूर्वी, पट्टी नवी नवी लागली तेव्हा, रत्नमालाबाईंचा शेरा पिवळा आला होता. घरात धावपळ उडाली. त्यांचा मुलगा रणधीर तर रडकुंडीला आला, कारण आदल्याच वर्षी त्याचे वडील गेले होते. आईला काही चेहरे ओळखू येत नाहीत असं पट्टीचं म्हणणं. डॉक्टर समीना मुजावरांनी नजरेचा नकाशा उघडून दाखवला. फोटोवर जिथं जिथं डोळे विसावले तिथं तिथं ठिपके असतात. नातवंडांच्या चेहऱ्यांवर ठिपक्यांची गर्दी, रणधीरच्या चेहऱ्यावर गर्दी, नवऱ्याच्या जुन्या फोटोवर तर चेहरा दिसू नये इतकी. पण एका फोटोत चेहरा कोरा. खुर्चीचा पाय, धोतराचा काठ, मागची तुळस, फरशीचा जोड यांवर ठिपके होते. तोंडावर एकही नाही.

तो फोटो आबासाहेबांचा होता. ते रत्नमालाबाईंचे थोरले दीर, एकाच कुंपणातल्या शेजारच्या बंगल्यात राहणारे.

तेजस्विनीला पहिल्यांदा हसूच फुटलं होतं. "डॉक्टर, अहो, आई त्यांच्याकडे बघतच नाहीत! लग्न झाल्यापासून नाही."

खरंच नव्हत्या बघत. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की थोरल्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, मान वर करायची नाही आणि त्यांच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही. जगानं कूस बदलली, मुली विमानं उडवायला लागल्या, इंगवल्यांच्याच घरातली सून जीन्स घालून आबासाहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसायला लागली. आबांनी तिला कधी काही म्हटलं नाही. पण रत्नमालाबाईंचं चालूच राहिलं. आबा पायरीवर आले की खाकरायचे. खाकरल्याबरोबर या उठून आत. घरात तिसरं कुणी नसलं आणि काही सांगायचंच असलं, तर दाराकडे तोंड करून म्हणायच्या, "चहा ठेवलाय म्हणावं." दारानं ते आबांना सांगायचं. आबाही दाराला म्हणायचे, "साखर कमी म्हणावं."

डॉक्टर मुजावर पोट धरून हसल्या होत्या. त्यांनी कंपनीला कळवून तो एक फोटो हिशोबातून वगळायला सांगितला. पण कंपनीनं वगळला नाही. नुसतं मान्य केलं की इथून पुढं या बाईंची तुलना त्यांच्या स्वतःच्याच जुन्या नजरेशी होईल. शेरा हिरवट पिवळा झाला, सगळे निवांत झाले, आणि तो किस्सा पुढं दर लग्नात सांगितला जाऊ लागला.

आता दोन वर्षांनी, एका रविवारी, पट्टीनं स्वच्छ हिरवा शेरा दिला. खाली ओळ होती, 'चेहरे ओळखण्यात लक्षणीय सुधारणा.'

"बघ! म्हटलं नव्हतं?" रणधीर टाळी वाजवत उठला. "आई, तुझा मेंदू माझ्यापेक्षा तरुण आहे!" तो तसाच चौकात गेला आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

तेजस्विनीनं सवयीनं नजरेचा नकाशा उघडला. ती दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती. आकडा आला की तो कशावरून आला हे बघितल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. नातवंडं ठीक होती. रणधीर ठीक. आणि आबांच्या फोटोत खुर्चीचा पाय मोकळा पडला होता, धोतराचा काठ मोकळा होता. सगळे ठिपके आबांच्या डोळ्यांवर होते. दोन्ही डोळ्यांवर, अगदी थेट.

तिला काय वाटलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटलं की हे काहीतरी नवीन आहे.

तेवढ्यात पायरीवर खाकरण्याचा आवाज आला. पेढ्यांचा वास शेजारी पोचला असणार. तेजस्विनीनं वर पाहिलं. सासूबाई कोचावरच बसलेल्या. पदर खांद्यावर. उठायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

आबासाहेब आत आले, त्या जागेवर आहेत हे पाहून उंबऱ्यातच थबकले आणि पुन्हा एकदा खाकरले. न जाणो, पहिलं ऐकू गेलं नसेल.

रत्नमालाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "घारे आहेत म्हणून ऐकून होते मी. पण हे तर मांजरासारखे की हो!"

त्र्याऐंशी वर्षांचे आबासाहेब, साखर कारखान्यात ज्यांच्या नुसत्या चाहुलीनं कारकून उभे राहायचे ते, आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

"या की आत. पेढा घ्या. खाली काय बघतासा?"

रणधीर हसून हसून डोळे पुसत होता. आबांनी पेढा घेतला आणि दाराकडे बघून म्हणाले, "छान आहे म्हणावं." मग आपलं आपल्यालाच हसू येऊन त्यांनी मान डोलावली. तेजस्विनीसुद्धा हसली. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. सासूच्या त्या खाली गेलेल्या मानेचा तिला इतकी वर्षं राग यायचा. कितीदा तिनं म्हटलं होतं, आई बसा हो आता, कोण काय म्हणणार आहे? त्यावर रत्नमालाबाई नुसत्या हसायच्या आणि आत जायच्या.

पुढचे दोनतीन महिने इंगवल्यांच्या घरात नुसती मजा होती. रत्नमालाबाई पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायला लागल्या. रस्त्यानं जाणाऱ्यांना हाका मारायच्या. आबांची आणि त्यांची समोरासमोर गप्पांची बैठक बसायला लागली, आणि आबा हळूहळू त्यांच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकले. एका लग्नात रत्नमालाबाईंनी नवरदेवाच्या आईला सांगितलं, "हा रंग तुम्हाला अजिबात शोभत नाही हो," आणि ते इतकं खरं होतं की सगळा मांडव मनातल्या मनात हसला. त्याच लग्नात जेवताना त्यांनी शेजारच्या पंगतीतल्या अनोळखी बाईंच्या पानातली जिलबी उचलून खाल्ली. तेव्हा तेजस्विनीला हसू आलं नाही.

तिनं नीट लक्ष द्यायला सुरुवात केली. सासूबाईंना सगळं आठवत होतं. कुणाचं बारसं कधी झालं, कुठल्या डब्यात कुठलं पीठ, सगळं तोंडपाठ. विसरणं नव्हतंच. पण जे दिसेल तिकडे डोळे जायचे, आणि डोळे जातील तिकडे हात. चकाकणारा चमचा दिसला की उचलायचा. फुगेवाला दिसला की रस्त्यावर उतरायचं.

प्रयोगशाळेत दूध तपासणारं यंत्र गाईच्या दुधावर जुळवून ठेवलं असेल आणि त्यात म्हशीचं दूध घातलं, तर आकडा येतो, छान ठसठशीत येतो, आणि चुकीचा येतो. यंत्राचा काही दोष नसतो. त्याला जे शिकवलं तेच ते बोलतं. तेजस्विनीच्या मनात एके दिवशी कामावर असतानाच हे आलं. पट्टीला शिकवलं होतं की चेहऱ्याकडे बघणं म्हणजे तब्येत चांगली आणि न बघणं म्हणजे बिघाड. पण जी बाई जन्मभर ठरवून बघत नव्हती, तिनं एकाएकी बघायला लागणं म्हणजे काय?

ती तशीच डॉक्टर मुजावरांकडे गेली आणि दोन्ही नकाशे त्यांच्यापुढं ठेवले. डॉक्टर या खेपेला हसल्या नाहीत.

"घेऊन या त्यांना," त्या म्हणाल्या. "लवकर."

पण घेऊन जाणं सोपं नव्हतं. घरी आल्यावर तिनं रणधीरला सांगितलं. चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची, खोलीत अरेतुरे. त्या दिवशी खोलीत होती.

"अरे, एकदा दाखवून आणू. तपासायला काय हरकत आहे?"

"पट्टी हिरवी आहे, तेजू."

"पट्टीला आई कळलेल्याच नाहीत."

"आणि तुला कळल्यात?" रणधीरचा आवाज चढला. "बाबा असताना ती कधी अशी हसलेली मी पाहिली नाही. कधीच नाही. आता कुठं जरा मान वर करून जगतेय, तर तुला त्यात रोग दिसतो? इतकी वर्षं तूच म्हणत होतीस ना, त्या आबांना घाबरतात म्हणून? आता घाबरत नाही तर म्हणतेस डोकं फिरलंय!"

"डोकं फिरलंय असं म्हटलं नाही मी."

"लोक तेच म्हणणार. इंगवल्यांच्या सुनेनं सासूला वेडी ठरवली."

ते तिला लागलं, कारण तीच भीती तिच्या मनात आधीपासून बसलेली होती. आठवडाभर तिनं विषय काढला नाही. स्वतःची समजूतही घातली की असेल, वय झालं, नवरा गेला, धाक गेला, माणूस मोकळं होतं. का नाही होणार? तिला ते खरं असायला हवं होतं.

मग एका सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी आली. रत्नमालाबाई गॅससमोर उभ्या होत्या, उजव्या हाताची बोटं दुधानं पांढरी, आणि पातेल्यातलं दूध अजून उकळत होतं. साय धरलेली दिसली म्हणून त्यांनी बोटं घालून ती उचलली होती.

रणधीरनं हात नळाखाली धरला. "आई, अगं उकळतंय ते! दिसलं नाही तुला?"

"दिसलं की," त्या विव्हळत म्हणाल्या. "उकळतंय हे पण दिसलं. साय पण दिसली. हात गेला." आणि मग, जरा वेळानं, घाबरलेल्या आवाजात, "हात कसा गेला रे?"

आबासाहेब आवाज ऐकून आले होते. न खाकरता आले होते. त्यांनी रणधीरला बाहेर व्हरांड्यात नेलं. तेजस्विनी मलम आणायला जाता जाता ऐकत होती.

"तुझी बायको काय म्हणते ते मला माहीत आहे," आबा म्हणाले. "भिंती काही जाड नाहीत आपल्या. ऐक. धाकट्या बाई माझ्याकडे बघून बोलतात, ते मला आवडतं. माझ्या उरलेल्या आयुष्यात त्यांनी असंच बघत राहावं. पण परवा माझ्या ताटातला लाडू त्यांनी उचलला, तेव्हा ते माझं ताट आहे, मी समोर बसलोय, यातलं काही त्यांच्या डोळ्यांत नव्हतं. नुसता लाडू होता. तेव्हा त्या मला बघत नव्हत्या, रणधीर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी नीट बघितल्यात. चल, गाडी काढ."

चौघंही गेले. डॉक्टर मुजावरांनी रत्नमालाबाईंना एका पडद्यासमोर बसवलं आणि खेळ समजावून सांगितला. मधे फुली असेल. तिच्या डावीकडे किंवा उजवीकडे एक दिवा चमकेल. दिवा जिकडे चमकेल त्याच्या उलट बाजूला बघायचं. दिव्याकडे बघायचं नाही. या खेळाला त्या उलट नजर म्हणायच्या.

"हात्तिच्या, एवढंच?" रत्नमालाबाई म्हणाल्या.

दिवा डावीकडे चमकला. त्यांचे डोळे डावीकडे गेले. "अगं बाई, चुकलं." दिवा उजवीकडे चमकला. डोळे उजवीकडे. त्या हसल्या. पुन्हा चमकला, पुन्हा डोळे तिकडेच. हळूहळू हसणं कमी झालं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला, ओठ दाबले, आता नाहीच जायचं असं ठरवून बसल्या, आणि दिवा चमकल्याबरोबर डोळे गेले.

"डोळेच जातात की गं," त्या तेजस्विनीकडे बघून म्हणाल्या. "मी काय करू?"

तेजस्विनीनं त्यांचा भाजलेला हात आपल्या हातात घेतला. रणधीर खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली आणि रत्नमालाबाईंशीच बोलल्या. मुलाशी नाही, सुनेशी नाही. "मावशी, डोळ्यांचा स्वभावच आहे, जिथं काही चमकेल तिकडे धावायचं. तान्ह्या बाळाचे तसेच धावतात. आपण मोठे होतो तशी कपाळाच्या मागची मेंदूची जागा त्यांना धरून ठेवायला शिकते. थांब, आत्ता नको, तिकडे नको. त्याला मी आवर म्हणते. तुमचा आवर सुटायला लागलाय. विसरणं नाही हे. पुढं कधीतरी ते पण येईल, पण या प्रकारात पहिल्यांदा आवर जातो. आणि तो गेला की घरच्यांना वाटतं, माणूस खुलला."

"पट्टी हिरवी म्हणते," रणधीर पुटपुटला. आता त्यात भांडण नव्हतं.

"पट्टीनं त्यांना आबासाहेबांकडे बघताना पाहिलं आणि शाबासकी दिली. त्यावर तुम्ही पेढे वाटलेत, मीही खाल्ला असता. पण इतकी वर्षं न बघायला आवर लागत होता. बघायला आवर लागतच नाही. औषध आहे. महिन्याला एक इंजेक्शन. झीज थांबते, बऱ्याच जणांचं थोडं गेलेलं परत येतं. पण सुरुवातीलाच द्यावं लागतं. वर्षभरानं माझ्याकडे आलात तर मी देऊ शकणार नाही, कारण तेव्हा उपयोग होत नाही. कंपनी हिरव्या शेऱ्यावर मंजूर करणार नाही, पण त्यांच्याशी मी भांडेन. मला फक्त एकाच माणसाचा होकार हवा आहे. मावशी, तुमचा. आज तुम्ही विचार करून तो देऊ शकता. पुढं कदाचित नाही."

"देऊन टाका," रणधीर म्हणाला.

"तुला नाही विचारलं," आबासाहेब म्हणाले.

खिडकीबाहेरून रस्त्यावरचा लाल टेम्पो गेला आणि रत्नमालाबाईंचे डोळे त्याच्याबरोबर गेले. ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते ओढून परत आणले. दिसत होतं की त्याला जोर लागतोय.

"मी यांच्याकडे बघते," त्यांनी हनुवटीनं आबांकडे खूण केली, "ते रोगामुळं?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नजर कुठं गेली ते मोजता येतं. का गेली ते मोजणारी पट्टी अजून निघाली नाही."

"एक सांगू का तुम्हाला? लग्नाआधी माहेरी मी अशीच होते. कुणाच्याही तोंडाकडे बघून बोलायचे. विहिरीत उडी टाकायचे, वडील काठावर उभे असताना. चुलत्याच्या ताटातलं मटण पळवायचे. आई म्हणायची, हिला काही आवर म्हणून नाही. तुमचाच शब्द. तेव्हा मला काय रोग होता का?"

"नाही."

"मग आवर आला तो सासरी आला. सासूबाईंनी घातला. आता तो सुटतोय तर मला कुणी तरी पाठीवरचं गाठोडं उतरवून घ्यावं तसं वाटतंय, आणि तुम्ही म्हणता मेंदू झिजतोय. बरं वाटतंय हो मला. किती बरं वाटतंय ते तुम्हाला नाही कळायचं."

तेजस्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरकडे आणणारी तीच होती. नसतं आणलं तर या बाई आणखी वर्षभर, दीड वर्ष, अशाच हसल्या असत्या. मग काय झालं असतं तेही तिला माहीत होतं, आणि तरी क्षणभर तिला वाटलं की आपण काहीतरी हिसकावून घेतोय.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर नको. मी कुणाला बोलू देणार नाही."

रत्नमालाबाईंनी पट्टी बांधलेल्या बोटांकडे पाहिलं. "नको कसं? दूध उकळतंय हे दिसत होतं मला, आणि हात आपला गेला. तो काही माझा नव्हता. उद्या नातवाचा हात धरून रस्त्यात उतरेन आणि फुगा दिसला की त्याचा हात सोडेन." त्यांनी डोळे पुसले. "ते नको मला. माझ्या आधी मी गेलेली नको. टोचा."

डॉक्टरांनी कागद पुढं केला. भाजलेल्या बोटांनी सही वेडीवाकडी आली. नर्स ट्रे घेऊन आली. आबासाहेब उठून बाहेर जायला निघाले, बाईमाणसाचा दंड उघडा होणार म्हणून, तर त्या म्हणाल्या, "बसा की. कुठं निघालासा?" आणि ते बसले, आणि या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

सुई टोचताना रत्नमालाबाईंनी तेजस्विनीचा हात धरला होता. औषध गेलं, कापूस लागला, तरी त्यांनी तो सोडला नाही. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या, अगदी सरळ, जसं कुणी चेहरा पाठ करून ठेवावा.

"तुला एक विचारते," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला नाही, रणधीरला नाही, तुला. या इंजेक्शनानं तो आवर परत आला, सासूबाईंनी घातलेला, आणि पुन्हा माझी मान खाली गेली, तर तू ती हात लावून वर करशील ना गं?"